उतारावरचा डबा

मला भीती पहिल्यापासून वाटत होती आणि ती मी लपवलेली नव्हती. मी काही लपवून ठेवणारी बाई नाही. तोंडावर बोलते आणि मोकळी होते. डबा दारात येऊन उभा राहिला त्याच दिवशी मी यांना सांगितलं, "हे माझ्याच्यानं ओढायचं नाही हो." तर हे म्हणाले, "तू कुठं ओढणार हायस? जीप ओढणार."

डबा म्हणजे चाकावरचं घर. कॅरावॅन. जीपच्या मागं जोडायचं आणि न्यायचं तिकडं न्यायचं. हे त्याला कौतुकानं घर म्हणायचे, मी डबा म्हणायचे. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात संडास. चाकं जाड, बूड चांगलं उंच, कारण तो न्यायचा होता सांगोल्याकडं, माझ्या दिराच्या शेतावर. तिथं डांबरी रस्ता संपल्यावर पुढं नुसती बैलगाडीची वाट आहे, मध्ये एक ओढा आणि दगडगोटे.

यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, सोलापुरात गेली, पण जीव कायम त्या रानात. रिटायर झाल्यावर तिकडं जाऊन राहायचं हे ठरलेलंच होतं. तिथं दिराची मेंढरं, थोडी डाळिंबं आणि राहायला पत्र्याची शेड. मी एकच अट घातली होती. संडास असल्याशिवाय मी मुक्कामाला यायची नाही. मग दोन खोल्या बांधायचं निघालं. पण बांधकाम म्हटलं की कुणाच्या वाटणीत बांधायचं, कुणाच्या नावावर, हे आलंच. दीर देवमाणूस, पण खोल्यांचा विषय निघाला की जावेचा चेहरा कसा होतो ते मी बघितलं होतं. शेवटी तोड यांनीच काढली. म्हणाले, चाकावरच्या घराला सातबारा लागत नाही.

डब्याचं काम चालू असतानाच यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने गाडी चालवायची नाही, जड उचलायचं नाही, चिडायचं नाही. यातली पहिली गोष्ट यांनी पाळली. म्हणजे जीप माझ्या गळ्यात आली. मी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. पन्नाशी उलटल्यावर हट्टानं गाडी शिकले, पण माझी धाव सात रस्ता चौकापासून विजापूर रोडपर्यंत, फार तर मंडई. त्यातही पार्किंगला जागा दिसली नाही तर तशीच घरी परत येणार. आणि माझ्या मागं आता एक आख्खी खोली जोडायची होती.

डबा बांधणारे गृहस्थ ट्रकच्या बॉड्या बांधण्यात मुरलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. डबा ताब्यात देताना त्यांनी आम्हाला होटगी रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात नेलं आणि मला चालवायला बसवलं. वळताना लांबून वळायचं. जीप आणि डब्यामधल्या साखळ्या कातरीसारख्या तिरक्या अडकवायच्या. थांबलं की चाकांच्या मध्यावर हात लावून बघायचा, जास्त तापलंय का. आणि रिव्हर्स! बाई गं, तो रिव्हर्स. स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की डबा डावीकडं जातो. मी घामाघूम. आख्ख्या वर्गाला रांगेत चालवलंय मी आयुष्यभर, पण त्या एका डब्यानं माझं ऐकलं नाही. हे खाली उभे राहून हातवारे करत होते आणि वर ओरडत होते, "आगं, उलटं! उलट्याच्या उलटं!" मी म्हटलं, तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा, नाहीतर तुमच्यावरच घालते.

निघताना चाचांनी दोघांना समोर उभं केलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. सामानाचं वजन पुढच्या बाजूला ठेवा. चालत्या डब्यात माणूस बसवू नका. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भाभी, पीछे का हलने लग्या तो ब्रेक नक्को मारना. पाँव उठा लेना, स्टेअरिंग सीधा पकडना, और अल्ला का नाम लेना." मग हसून म्हणाले, "आप अपने भगवान का लेव." मला काही हसू आलं नाही. हलायला लागलं तर म्हणजे काय? हलतं की काय हे?

थंडी पडल्यावर आम्ही निघालो. दिराच्या विहिरीवरची मोटर जळली होती, ती सोलापुरात रिवाइंड करून घेतलेली. शिवाय मेंढरांसाठी पेंडीची पोती, पाण्याचे कॅन, जादा बॅटरी. हे सगळं यांनी रिक्षावाल्याच्या मदतीनं डब्यात चढवलं, आणि चढवलं ते सगळं पाठीमागं, पार शेवटच्या भिंतीला लागून. मी म्हटलं, "अहो, चाचांनी पुढं ठेवा म्हणून सांगितलं होतं की."

"त्यांनी बैल जुंपलाय का कधी?" हे म्हणाले.

हे खिलारी बैलांच्या मुलखात वाढलेले. यांच्या वडिलांची बैलगाडी भरायची पद्धत आख्ख्या गावात वाखाणायचे म्हणे. गाडीत माल असा रचायचा की बैलाच्या मानेवर जू पडलं तरी बैलाला कळलंसुद्धा नाही पाहिजे. पुढं ओझं झालं की मान सोलवटते, खांदा येतो, जनावर आतल्या आत सोसत राहतं. लहानपणी यांच्या हातून एकदा ज्वारीची पोती पुढं रचली गेली, तेव्हा वडिलांनी यांनाच जू धरून उभं केलं होतं. हे सांगताना यांचा आवाज अजून बदलतो. तर त्या सकाळीही यांनी तेच केलं. डब्याचा पुढचा दांडा, जो जीपला अडकतो, तो एका हातानं उचलून दाखवला. "बघ! फुलासारखा! आता जीपच्या मानेवर काय वजन हाय का?" मला ते बघून बरंच वाटलं. म्हटलं, चला, हलकं आहे, ओढायला सोपं जाईल.

शहराबाहेर पडेपर्यंत माझा जीव मुठीत. आरशात बघावं तर मागं रस्ता दिसतच नाही, नुसता डबा. पुढं हायवे मोकळा मिळाला, तरी मी हळूच चालले होते. तरीसुद्धा जीपचं बूड मधूनच हलकं झाल्यासारखं वाटायचं, कुणीतरी मागून धरून किंचित झुलवल्यासारखं. मी तसं म्हटलं तर हे म्हणाले, वारा हाय. खरा त्रास वाऱ्याचा नव्हता, यांचाच होता. शेजारी बसून हे पायानं जीपची जमीन दाबायचे, जणू तिथं ब्रेक आहे. ट्रक दिसला की "आगं आगं आगं". स्पीडब्रेकर दिसला की "हळू, हळू, बया!" कामती गेलं, बेगमपूर गेलं, नदीचा पूल आला तेव्हा तर यांनी डोळेच मिटले. माझे खांदे आवळून दगड झाले होते. एकीकडं रस्ता बघायचा, दुसरीकडं यांच्या छातीकडं बघायचं, की हा माणूस हात छातीवर नेतोय की काय.

मंगळवेढ्याला चहाला थांबलो. मी चाकांवर हात ठेवून बघितला, साखळ्या बघितल्या. हे चहा पिता पिता म्हणाले, "मी आता मागं पडतो जरा. तुझ्या शेजारी बसून बीपी वाढाय लागलंय माझं."

"चालत्या डब्यात बसायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कोण बघतंय? लहानपणी बैलगाडीत पोत्यांवर झोपूनच फिरलो की मी. आणि माझी पाठ धरलीय."

पाठ खरंच धरली होती. चेहरा पांढरा पडला होता. मी अजून दोनदा नको म्हटलं, मग माझाही पारा चढला. म्हटलं, "जा, पडा. निदान तुमचं आगं आगं तरी थांबेल." हे आत गेले, आतून कडी लावल्याचा आवाज आला, आणि मी जीपमध्ये येऊन बसले. खरं सांगते, पहिले काही मैल मला सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं की माझा नवरा मागच्या डब्यात आहे आणि तो मला दिसत नाही. छातीत जाळी घातलेला माणूस. काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही. मी फोन समोरच्या स्टँडला लावला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

मंगळवेढ्याच्या पुढं ती काळी सपाट जमीन लागते, दोन्ही अंगाला ज्वारी, झाड म्हणून नाही. वारा कुठंही अडत नाही. एक उड्डाणपूल आला. चढ चढले, आणि उताराला लागले तशी जीप आपोआप पळायला लागली. मागून डबा ढकलत होता. तेवढ्यात उजव्या अंगानं एक मोठी बस हॉर्न देत सण्णकन निघून गेली. तिच्या वाऱ्यानं आधी डबा बाहेर ढकलला गेला आणि मग आत ओढला गेला. आणि तो परत जागेवर आलाच नाही.

डाव्या आरशात मला डब्याची आख्खी भिंत दिसली. मग ती गेली आणि उजव्या आरशात दिसली. मग परत डाव्या. दर वेळी जास्त. जीपचं मागचं बूड रस्त्यावर आहे की हवेत आहे कळेना. स्टेअरिंग एवढं हलकं झालं की मी काहीही फिरवलं तरी जीप ऐकेना. मागून धाडकन आवाज झाला, मग दुसऱ्या बाजूनं धाडकन. आत काहीतरी सुटलं होतं. आत हे होते.

पाय ब्रेककडं निघाला होता. ब्रेकवर टेकला पण होता. चाचांचं "नक्को" कानात आलं आणि मी पाय उचलला. दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले, लहान मूल घेतं तसे. स्टेअरिंग छातीशी धरलं. सरळ, सरळ, सरळ, असं मी मोठ्यानं म्हणत होते. देवाचं नाव काही आठवलं नाही. यांचंच नाव तोंडात येत होतं, जे मी कधी घेत नाही.

आणि फोन वाजायला लागला.

समोर स्टँडवर यांचा फोटो. आतून हे फोन करत होते. आता यांचा फोन मी कधी सोडत नाही. लग्न झाल्यापासून यांना उशीर चालत नाही, आणि छातीचं झाल्यापासून तर मी न्हाणीघरातसुद्धा फोन घेऊन जाते. पहिल्या रिंगला उचलायचा ही माझ्या हाताला सवय. आणि तो वाजतोय, वाजतोय, यांचा चेहरा हसतोय, आणि मागं डबा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. यांच्या छातीत दुखायला लागलं असेल. मोटर अंगावर आली असेल. शेवटचं काही बोलायचं असेल. मी स्टेअरिंगवरून डावा हात काढायला गेले. बोटं उघडेनात. खरोखर उघडेनात, आकडी आल्यासारखी वळून बसली होती. मी ओरडले, "थांबा हो, थांबा, आले!" जणू हे दारात उभे आहेत.

मग फोन वाजायचा थांबला. ते वाजण्यापेक्षा भयंकर होतं.

उतार संपला. जीपचा वेग आपसूक उतरत गेला, तसा डबाही शांत होत गेला. आरशातली भिंत कमी कमी दिसायला लागली आणि एकदाची दिसेनाशी झाली. मागं नुसता डबा उभा, सरळ, काही घडलंच नाही असा. मी पुढं बरंच जाऊन कडेला थांबले. हँडब्रेक ओढला. उतरले आणि जीपला धरून धरून मागं गेले.

डब्याचं दार बंद. "अहो!" उत्तर नाही. दार वाजवलं. आतून कडी. दोन्ही हातांनी बडवलं. खिडकी उंच, पडदा लावलेला. "अहो, बोला की काहीतरी!" रस्त्यानं गाड्या जात होत्या, कुणी थांबत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तेच येत होतं की दार फोडावं लागणार, आणि आत काय बघायला मिळणार. मी यांना शिव्या दिल्या. खरंच दिल्या, ज्या शाळेतल्या पोरांनी दिल्या असत्या तर मी कान उपटले असते. "उघडा म्हणते ना! सोडून जायचं नाही असं मला!"

आतून काहीतरी सरकलं. मग कडी निघाली. दार उघडलं तर हे खाली जमिनीवर बसलेले, पाठ पलंगाला, कपाळावर टेंगूळ, त्यातून थोडं रक्त. सगळीकडं पेंडीचा भुगा. यांच्या अंगावर, केसांत, मिशीत. मोटरीला बांधलेलं सुंभ तुटलं होतं आणि ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत होती. हे पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, मग पलंगावरूनही खाली फेकले गेले. "छातीत दुखतंय का?" मी विचारलं. यांनी मान हलवली, नाही. "खरं सांगा." "न्हाई गं. नुसतं धडधडतंय." मी यांच्या छातीला कान लावला, तिथंच, हायवेच्या कडेला, आणि बराच वेळ काढला नाही.

मग मी यांना हाताला धरून खाली उतरवलं. हे सावकाश चालत पुढं गेले, जीप आणि डबा जिथं जोडतात तिथं. बघत राहिले. जीपचं बूड वर उचललेलं, डब्याचं तोंड वर, शेपूट खाली बसलेलं. यांनी डोक्याला हात लावला. "उलाळ झाली की गं गाडी," हे म्हणाले. उलाळ म्हणजे मागं ओझं जास्त होऊन गाडीचं तोंड वर उठणं. बैलगाडीत असं झालं तर बैलाचा गळा आवळतो, एवढंच, कारण बैल चालतात बैलाच्या चालीनं. जीप पळते, आणि मागचं जड शेपूट मग तिलाच झुलवतं. "बैलाची मान वाचवाय गेलो," हे म्हणाले, "आणि..." एरवी मी असा मोका सोडला नसता.

यांना मी जड उचलू दिलं नाही. मोटर मी ढकलत ढकलत चाकांच्या पुढं आणली आणि डब्यातल्या पाण्याच्या रबरी पाइपनं चारी बाजूंनी जखडून टाकली. फुटलेलं पोतं तसंच ठेवलं, बाकीची एकेक ओढत पुढं आणली. शेवटी जीपचं बूड जरासं खाली बसलं, होटगी रोडच्या मैदानात होतं तसं. मग आम्ही दोघं जीपच्या सावलीत, रस्त्याकडं पाठ करून, मातीत बसलो. मी यांचं कपाळ ओल्या पदरानं पुसलं. पाणी पाजलं. गोळी दिली.

जरा हुशारी आल्यावर यांना राग आला. यांचं असंच आहे, भीती गेली की राग येतो. "मला एक सांग," हे म्हणाले, "फोन का उचलला न्हाईस?"

मी गोळ्यांचं पाकीट मिटवलं.

"मी तिकडं एवढा जीव तोडून फोन लावतोय. वाजतोय ते तुला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं. काय सांगायचं होतं तुम्हाला?"

"काय म्हंजे? ब्रेक मार म्हणत होतो! दुसरं काय सांगणार? आत एकटाच वरडत होतो, ब्रेक मार, ब्रेक मार, दाबून मार!"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला. मी यांच्याशी रोज भांडते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण करते शेवटी यांनी सांगितलेलंच. यांनी थांब म्हटलं की पाय आधी थांबतो, भांडण नंतर सुरू होतं. एवढ्या वर्षांत यात फरक पडलेला नाही. तो फोन उचलला असता, त्यातून यांचा तसला आवाज आला असता, तर मी चाचांना विचारत बसले नसते. पाय ब्रेकवर गेला असता, दाबून. डबा जीपला घेऊन आडवा झाला असता, हे आत, मोटर आत, आणि मागून ट्रक येतच होते.

"मी मारला असता," मी म्हटलं.

"काय?"

"ब्रेक. तुम्ही म्हणाला असतात तर मी मारला असता."

यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. चाचांनी ते यांच्या देखतच सांगितलं होतं. यांचा चेहरा मंगळवेढ्याला झाला होता त्याहून पांढरा झाला. हे माझ्याकडं बघेनात, समोरच्या ज्वारीकडं बघत राहिले. मग खूप खालच्या आवाजात म्हणाले, "बरं केलंस. न्हाई उचललास ते बरं केलंस तू."

तेव्हा मला रडू फुटलं. "मी काही बरं केलेलं नाही," मी ओरडले. "मी उचलणारच होते! हातच सुटत नव्हता माझा!"